चार ओळी वर

माणसं जातात, संस्था राहतात. आमच्या सहकारी भातगिरणीच्या भूमिपूजनाला अध्यक्ष तात्यासाहेबांनी हे वाक्य उच्चारलं, तेव्हा नसरापूरबाहेरच्या माळावर उन्हात बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी ते इतिवृत्तात लिहून घेतलं. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी भोरच्या शाळेत इतिहास शिकवत असे आणि माझं अक्षर बरं होतं. सहकाराशी माझा संबंध एवढाच. शिवाय त्या दिवशी लिहून घेण्यासारखं दुसरं काही घडलंही नव्हतं. पुढे काही वर्षांतच गिरणीला कुलूप लागलं. तात्यासाहेब तेव्हा अगदी ठणठणीत होते आणि दुसऱ्या एका भूमिपूजनाला हेच वाक्य म्हणत होते.

सखाराम ओव्हाळांना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्याच माळावर. मांडवाच्या कडेला, सावली संपून ऊन सुरू होतं तिथे, एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी नाही, बगलेत छत्री. सगळे नारळाकडे बघत होते आणि हा माणूस नारळवाल्याकडे. गिरणीचे नवे हिशेबनीस, असं कुणीतरी सांगितलं. राजगडाच्या पायथ्याच्या पालीचे. बौद्ध. पुण्यात एका कारखान्यात कारकुनी करता करता सहकाराची सरकारी हिशेबाची परीक्षा पास झालेले. "आपल्या संस्थेत जातपात नाही, हे यावरूनच दिसतं," असं तात्यासाहेब त्या दिवशी पाहुण्यांना तीनदा तरी म्हणाले. ओव्हाळ जवळच उभे होते. त्यांचा चेहरा, आपल्याविषयी नाही तर खुर्च्यांच्या भाड्याविषयी बोलणं चाललं आहे, असा होता.

पुढच्याच बैठकीत त्यांनी सगळ्यांचा पहिला राग ओढवून घेतला. भूमिपूजनाला बराच खर्च झाला होता, आणि तो इमारतीच्या किमतीत धरावा, म्हणजे पहिल्याच वर्षी तोटा दिसणार नाही, असं तात्यासाहेबांचं म्हणणं होतं.

"पूजा इमारतीचीच होती ना, ओव्हाळ?"

"होती."

"मग ती इमारतीतच आली."

"हार सुकले, साहेब. नारळ फोडून वाटला. पेढे पाहुण्यांच्या पोटात गेले. इमारतीत काही राहिलं असेल तर दाखवा, मी धरतो."

कुणीतरी हसलं आणि तात्यासाहेबांकडे पाहून गप्प झालं. मी लिहिलं, 'सदर खर्चाबाबत सविस्तर चर्चा झाली.'

ओव्हाळांना विनोद करायचा नसे, हे मला उशिरा कळलं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असे. कुणी फणस आणून दिला तरी ते विचारत, "भेट की उसना?" भेट म्हटलं तर ठेवून घेत, आणि हंगाम संपायच्या आत तेवढ्याच किमतीचं काहीतरी त्या घरी पोचवत. मग भेट कशी म्हणायची, असं मी विचारलं तर म्हणाले, "त्यांनी भेट दिली हे त्यांचं लिहिणं झालं. माझ्याकडे काय लिहायचं ते मी ठरवणार." त्यांच्या घरात त्यांच्याशी राहणं सोपं नसावं. त्यांची बायको एकदा माझ्या बायकोला म्हणाली होती, "आमच्याकडं माहेरची साडी आली तरी आदी चौकशी हुती." एकदा शाळेच्या वाटेवर, मुलांचा घोळका बाजूने पळत गेला तेव्हा, ते आपणहून म्हणाले होते, "आईबाप मुलांना भांडवल समजतात आणि मुलं आईबापांना देणं. ताळेबंद जुळायचा कसा?" ते स्वतः हसले नाहीत, म्हणून मीही हसलो नाही.

त्यांच्या पिशवीत कल्हई केलेलं पितळी फुलपात्र असे. नसरापूर फाट्यावरच्या हॉटेलात चहा सांगितला की ते फुलपात्र पुढे करत. त्या हॉटेलच्या बाहेरच्या कोनाड्यात पूर्वी वेगळे कप असत. कुणासाठी ते सांगायला नको. आता ते गेले होते, सगळ्यांना एकच कप होते. तरी ओव्हाळांचं फुलपात्र सुटलं नव्हतं. हॉटेलवालाच एकदा ओशाळून म्हणाला, "आवो हिसाबनीस, आता कशापायी हे? आमचे कप काय चावत्यात?"

"तुमचे कप चांगले आहेत," ओव्हाळ म्हणाले. "पूर्वी वेगळं भांडं ही तुमची इच्छा होती. आता ती माझी आहे. हिशेबात फरक पडतो."

इच्छा कोणाची, या एका प्रश्नावर त्यांचं सगळं हिशेबशास्त्र उभं होतं, आणि त्यापायीच पुढचं सगळं झालं.

गिरणीला पैसे हवे होते. पण न उभ्या राहिलेल्या गिरणीचा शेअर घ्यायला लोक तयार होईनात. तेव्हा तात्यासाहेबांना हक्कपावतीची युक्ती सुचली. पंचवीस रुपये द्यायचे, रोख नाहीतर तेवढ्याचं भात, आणि पावती घ्यायची. गिरणी सुरू झाली की पावतीवाल्याच्या मनात आलं तर एक शेअर, नाहीतर पैसे परत. पावत्या गुलाबी कागदावर छापल्या होत्या. त्यांवर भाताची लोंबी होती. गुंजवणीच्या काठाकाठाने, कामथडीपासून पार वेल्ह्याकडच्या वाड्यांपर्यंत, ताशा लावून त्या विकल्या गेल्या. परतीची सोय आहे म्हटल्यावर लोकांनी घेतल्याही. ज्यांना कधी कुठल्या संस्थेने दारात उभं केलं नव्हतं, त्यांनीही घेतल्या. पालीतून ओव्हाळांचे चुलते मारुतीनाना यांनी एक घेतली. ओव्हाळांनीही स्वतःच्या पगारातून एक घेतली.

वर्षअखेरीला ताळेबंद झाला. त्याच्या डाव्या बाजूला वरून खाली संस्थेचा पैसा कुठून आला ते लिहायचं असतं. सगळ्यांत वर भागभांडवल, म्हणजे मालकांनी घातलेला पैसा. मग राखीव निधी, मग ठेवी, मग बँकेचं कर्ज, मग देणी. ओव्हाळांनी हक्कपावत्यांची सगळी रक्कम देण्यांत लिहिली. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण समितीतलं कोणी ताळेबंद वाचत नसे. त्याला नुसती मंजुरी देत असत.

लक्षात आलं ते बँकेचे अधिकारी पुण्याहून आले तेव्हा. यंत्रासाठी कर्जाचा दुसरा हप्ता हवा होता. अधिकाऱ्यांनी चष्मा लावला, कागद पाहिला आणि म्हणाले, "मालकांचा पैसा एवढासा, आणि देणी ही एवढी? अहो, ज्या गिरणीवर तुमचाच भरवसा नाही तिच्यावर आम्ही कशाला ठेवायचा?" चहा पिऊन ते गेले. त्यांच्या मागोमाग हप्ताही गेला.

त्यानंतरची बैठक मला चांगली आठवते. तात्यासाहेबांनी ताळेबंद टेबलावर पसरला आणि त्यावर बोट ठेवलं.

"ओव्हाळ, ही रक्कम इथून उचलायची आणि इथं ठेवायची. चार ओळी वर. बाजूसुद्धा बदलत नाही. एकाच पानावर, एकाच बाजूला, फक्त चार ओळी वर!"

"नाही जमणार, साहेब."

"का?"

"पैसे परत मागायचा हक्क पावतीवाल्याकडे आहे. उद्या तो आला आणि परत द्या म्हणाला, तर आपल्याला नाही म्हणता येईल?"

"कोण येतंय मागायला?"

"ते मी विचारत नाही. नाही म्हणता येईल का, एवढंच विचारतोय. ज्याला नाही म्हणता येतं ते भांडवल. ज्याला नाही म्हणता येत नाही ते देणं."

"वर गेलं काय अन् खाली राहिलं काय, पैसा तोच ना?"

"गिरणी चालली तर तोच. बुडाली तर आधी ज्यांचं देणं आहे त्यांचं भागवावं लागतं आणि मालकांना उरलं तर मिळतं. चार ओळी वर गेलेल्याला खाली यायला वाट नाही."

 तात्यासाहेब सावकाश म्हणाले, "गिरणी अजून उभी नाही, आणि तुम्ही बुडायची भाषा करता?"

"भाटघरच्या धरणाला सांडवा ठेवलाय साहेब. म्हणून ते फुटायची कोणी वाट बघत नाही."

तात्यासाहेब लबाड नव्हते, हे इथेच सांगून टाकतो. लबाड माणूस बरा, कारण आपण काय करतो आहोत ते त्याला ठाऊक असतं. तात्यासाहेबांचा आपल्या प्रत्येक भाषणावर मनापासून विश्वास बसे, आणि भाषण संपल्यावरही तो उतरत नसे. ते विचार करून म्हणाले, "ठीक आहे. परत मागायचा हक्क लोकांचा आहे ना? मग लोकच तो सोडतील. आपण त्यांना विचारू. तुम्हीही विचारा. मग तर झालं?"

"त्यांनी समजून सोडला तर झालं," ओव्हाळ म्हणाले. "मग मी स्वतः चार ओळी वर लिहीन."

त्या दिवशी ते माझ्याबरोबर एसटीने भोरला आले. एरवी अबोल माणूस, पण कापूरहोळपर्यंत बोलत होता. लोकांना कसं सांगायचं, कुठले शब्द टाळायचे, भाताचं उदाहरण द्यायचं की बैलाचं. मला त्यांचा हुरूप पाहून बरं वाटलं नाही. इतिहास शिकवून मला एक खोड लागली आहे. कोणी लोकांना समजावून सांगायला निघाला की मला धड्याचं शेवटचं पान आठवतं.

सभा नसरापूरच्या बाजाराच्या दिवशी ठेवली होती, म्हणजे माणसं आपोआप मिळतात. पावतीवाले सगळे आले होते. मारुतीनाना पुढे बसले होते, धुतलेला फेटा बांधून. आधी ओव्हाळ बोलायला उभे राहिले. घसा साफ केला. त्यांना भाताचं उदाहरण द्यायचं होतं, पण समोर एवढी माणसं पाहून ते थेट मुद्द्यावरच आले.

"तुम्ही दिलेला पैसा आज संस्थेकडे देणं म्हणून आहे. संस्था तुमची देणेकरी आहे. तुमची जागा सावकाराची आहे, ती सोडू नका."

 मग कामथडीचा एक म्हातारा काठी टेकत उठला.

"काय म्हनालास? सावकार?"

"म्हणजे हिशेबाच्या भाषेत..."

"आरं आमी सावकार व्हय? माझ्या सात पिढ्यांत कुनी सावकारी केली न्हाई! म्या गिरनीला भात दिलं त्ये काय याजानं दिलं?"

"बाबा, तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हंतोस? भर सबंत सावकार म्हंतोस आन् तसं न्हाई म्हंतोस!"

मागून कुणीतरी ओरडलं, "उद्या दरोडेखोर बी म्हनंल!" हशा पिकला. ओव्हाळांनी हात वर केले, भाताचं उदाहरण आता द्यायला सुरुवात केली, पण ते ऐकू आलं नाही. तेवढ्यात तात्यासाहेब उठले. त्यांनी फक्त उपरणं सारखं केलं.

"मंडळी, हिशेबनीस हुशार आहेत. कागदावर ते बरोबरच असतील. पण मी तुम्हाला सावकार म्हणणार नाही. मी तुम्हाला मालक म्हणतो. या गिरणीचे मालक! ज्यांनी मालकीच्या अर्जावर सही केली, त्या प्रत्येक मालकाचं नाव गिरणीच्या दर्शनी भिंतीवर लागेल. ज्या क्रमानं सह्या, त्या क्रमानं नावं. पाटील असो नाहीतर कुणी असो."

टाळ्या कधी संपतात याची वाट पाहत मी दौतीचं झाकण फिरवत बसलो. 'पाटील असो नाहीतर कुणी असो' यावर सगळ्यांत जोरात टाळ्या कुठल्या कोपऱ्यातून आल्या, ते ओव्हाळांनीही पाहिलं असणार.

सह्यांना लगेच रांग लागली. त्याआधी मारुतीनानांनी पुतण्याला बाजूला घेतलं. मी शेजारीच होतो, आणि नानांना मोठ्यानेच बोलायची सवय होती.

"सखा, तू कशापायी आडवा येतूस?"

"नाना, ऐका माझं. आज तुमचे पैसे सुरक्षित आहेत. मागितले तर मिळतील. सही केलीत तर गिरणी बुडाल्यावर तुम्हाला दमडी मिळणार नाही."

"बुडू दे की."

"काय?"

"आरं बुडू दे. पंचवीस रुपय बुडालं तर बुडालं. पालीत म्या जल्मलो, म्हातारा झालो. पाटलाच्या वळीला माझं नाव कदी कुठं लागलं? देवळात न्हाई, पंगतीत न्हाई, इहिरीवर न्हाई. आता भिताडावर लागतंय, समद्यांनी वाचावं असं. आन् आपल्याच घरातला शिकलेला पोरगा म्हंतो नगा लावू?"

 ओव्हाळांकडे प्रत्येक रकमेचा हिशेब असे. ही रक्कम त्यांनी धरलीच नव्हती.

नाना वळून रांगेत गेले. धक्काबुक्की करत त्यांनी जागा मिळवली ती पालीच्या पाटलांच्या बरोबर मागे. पाटलांनी वळून पाहिलं आणि मान फिरवली. पुढे उभं राहायचं तर पाटलांना तेवढं सोसायला हवंच होतं.

आणि सह्या घ्यायला टेबलाशी बसवलं होतं कुणाला, तर ओव्हाळांनाच. नोकर संस्थेचा, काम संस्थेचं. शाईचा डबा त्यांच्यापुढे. प्रत्येक जण येई, ओव्हाळ अर्ज वाचून दाखवत, "मी माझा परतीचा हक्क कायमचा सोडत आहे," आणि विचारत, "कळलं ना?" "व्हय व्हय, कळलं. लवकर आटपा, बैल उनात हायेत." मग ओव्हाळ त्याचा अंगठा धरून शाईत बुडवत, कागदावर दाबत आणि चिंधीने पुसत. अंगठे उमटवण्याच्या कामात ते फार नेटके होते. एकही ठसा फराटला नाही. नाना आले तेव्हा त्यांनी अंगठा धरायला हात पुढे केला. नानांनी तो बाजूला सारला.

"म्या सही करनार."

प्रौढांच्या वर्गात शिकलेली सही होती ती. मा, रु, ती, एकेक अक्षर बैलाने नांगर ओढावा तसं ओढलेलं. ओव्हाळांनी कागद हलू नये म्हणून कोपऱ्यावर बोट ठेवलं. सही पुरी झाल्यावर त्यांनी विचारलं, "कळलं ना?"

"तुला न्हाई कळलं," नाना म्हणाले.

रांग संपली तेव्हा एकच पावती उरली होती. तात्यासाहेब टेबलाशी आले. "हं, आता तुमची करून टाका."

"माझी राहू द्या."

"अहो, सगळे मालक झाले!"

"मला मालकीची घाई नाही, साहेब."

"शब्द दिला होतात, स्वतः वर लिहीन म्हणून."

"लिहितो की." आणि त्यांनी लिहिलं. सगळी रक्कम चार ओळी वर नेली, स्वच्छ अक्षरात. खाली देण्यांत पंचवीस रुपये तेवढे ठेवले.

मी इतिवृत्तात लिहिलं, 'ठराव सर्वानुमते मंजूर.' ते चूकही नव्हतं. ओव्हाळांना मत नव्हतं. ते मालक नव्हते.

हप्ता आला, यंत्र आलं, भिंतीवर पत्र्याचा मोठा फलक आला. भोरच्या पेंटरने नावं पिवळ्या रंगात काढली होती. पाटलांच्या खाली मारुती ओव्हाळ. नाना बायकोला पालीहून घेऊन आले. तिला वाचता येत नव्हतं. त्यांनी काठीचं टोक नावावर टेकवलं आणि ती बराच वेळ त्या टोकाकडे बघत राहिली. मग पदर पुढे घेऊन तिने फलकाला नमस्कार केला. ओव्हाळ कचेरीच्या खिडकीत उभे होते. नंतर ते मला म्हणाले, "सर, हा फलक ताळेबंदात कुठे धरू?" हा प्रश्न त्यांनी खरोखरच विचारला की काय, हे मला अजून कळलेलं नाही.

यंत्राविषयी थोडक्यात सांगतो, कारण गिरणी चालली तीही थोडक्यातच. ते आणलं होतं जाड भाताच्या मुलखातून, मंत्र्यांच्या ओळखीने, सवलतीत. आमच्या खोऱ्यात पिकतो आंबेमोहोर, बारीक आणि नाजूक. यंत्राच्या रुळांतून तो बाहेर पडे तो कणी होऊन. पहिल्या दिवशी टोपलीत पडलेली कणी पाहून लोक म्हणाले, यंत्र नवं आहे, सरावेल. दुसऱ्या महिन्यात तात्यासाहेब म्हणाले, कणी पचायला हलकी असते. तिसऱ्या महिन्यात मालक लोक आपापलं भात घेऊन मुकाट्याने गावच्या भात सडायच्या जुन्या हलरवर जाऊ लागले. आपल्या मालकीच्या गिरणीत भात न्यायला कोणी राजी होईना. वाटेत फलक लागे, तेव्हा काही जण गाडी दुसऱ्या अंगाने काढत. मग दुष्काळाचं साल आलं आणि कणी पाडायलाही भात उरलं नाही.

गिरणी मोडीत काढायला सरकारने अवसायक नेमला. हा एक थकलेला, सभ्य गृहस्थ होता. जे काही असेल ते विकायचं, देणी भागवायची, उरलं तर मालकांना वाटायचं आणि संस्थेची नोंदणी रद्द करायची, एवढं त्याचं काम. त्याने यंत्र विकलं, पत्रे विकले, जागा विकली. बँकेने आपलं घेतलं. डिझेलवाल्याचं भागलं. मग देण्यांच्या यादीत एकच नाव राहिलं, सखाराम ओव्हाळ, रुपये पंचवीस. तेवढे पैसे शिल्लक होते. पुरते तेवढेच.

हा भाग मी पुष्कळ वेळा मनात फिरवून पाहिला आहे. सगळे पावतीवाले त्या यादीत राहिले असते तर प्रत्येकाच्या वाट्याला रुपयामागे चार-दोन पैसे आले असते. सगळे वर गेले, म्हणून खाली राहिलेल्या एकट्याला पुरते मिळत होते. ओव्हाळ लोकांना हेच सांगत होते, आणि शेवटी ते सिद्ध झालं ते असं.

बातमी बाजारात पोचायला एक दिवस लागला. "सोताचं बरं काढलं!" "ठावं व्हतं त्याला आदीपासून." "आमचं आंगठं घ्यायला बसला व्हता, सोताची सही केली का?" कामथडीचा म्हातारा तेवढा म्हणाला, "सांगत व्हता की त्यो." त्याला लोकांनी गप्प केलं.

फलक भंगारात निघाला त्या दिवशी मारुतीनाना कचेरीत आले. त्या सभेपासून पुतण्याशी ते सहसा बोलत नसत, तरी आले. दाराशीच उभे राहून म्हणाले, "सखा, त्या पाटीचा आपल्या नावापुरता तुकडा मिळंल का? पत्र्याचं काय आसंल त्ये देतो."

ओव्हाळ उठून अवसायकाकडे गेले. अवसायक म्हणाला, वजनावर बोली झाली आहे, तुकडा काढता येणार नाही. ओव्हाळ परत आले आणि म्हणाले, "नाही म्हणतात."

"नियम आसंल," नाना म्हणाले.

"आहे."

"बरोबर व्हतास तू," नाना म्हणाले, आणि थोडं थांबून, "मग काय करू म्या त्याचं?"

ते आले तसे गेले. ओव्हाळ खुर्चीत बसले नाहीत. टेबलाच्या कडेला हात लावून उभे राहिले. बाहेर पत्रा टेम्पोत टाकल्याचा आवाज आला.

पंचवीस रुपयांचा धनादेश त्यांना मिळाला, पण तो त्यांनी बँकेत भरला नाही. मी म्हटलं, "भरा हो. नाहीतर कुणाला तरी देऊन टाका."

"भरला तर नानांसमोर कुठल्या तोंडानं जाऊ? आणि कुणाला देऊ, सर? एकाला दिला तर बाकीच्यांचं काय? सगळ्यांत वाटायला गेलो तर टपालखर्च जास्त होतो. मी काढून पाहिलाय."

"मग?"

"मग काही नाही. राहू दे देणं बाकी."

ते पुन्हा पुण्याला नोकरीला गेले. पालीला क्वचित येत. त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, फाट्यावरच्या त्याच हॉटेलात. मी सातारा गाडीची वाट पाहत होतो. ते कोपऱ्यातल्या बाकड्यावर एकटे बसले होते, छत्री गुडघ्यांत. बाकी बाकडी भरलेली होती, त्यांच्या बाकड्यावर जागा होती. मी उठून तिकडे जाणार तेवढ्यात हॉटेलवाला किटली घेऊन त्यांच्याकडे गेला. हाही फलकावर होता, बराच वर. ओव्हाळांनी पिशवीतून फुलपात्र काढून पुढे केलं. हॉटेलवाल्याने किटली वीतभर उंच धरली आणि वरून चहाची धार सोडली. भांड्याला भांडं लागू नये म्हणून. तो गिरणीच्या बुडालेल्या मालकाच्या रागाने तसं करत होता की आजोबांच्या सवयीने, ते मला ओळखता आलं नाही. ओव्हाळांनी फुलपात्र जरा वर नेलं. किटलीही तेवढीच वर गेली. मग त्यांनी फुलपात्र खाली घेतलं आणि चहा पिऊ लागले. माझी गाडी लागली.

तात्यासाहेब पुढे वारले. शोकसभेत, माणसं जातात, संस्था राहतात, असं त्यांच्याविषयी बोललं गेलं. मला ते वाक्य पोकळ वाटे, पण मध्ये एकदा कामासाठी सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या कचेरीत गेलो असताना सहज चौकशी केली, आणि ते आमच्यापुरतं खरं निघालं. भातगिरणीची नोंदणी अजून कायम आहे. पंचवीस रुपयांचं एक देणं बाकी असल्यामुळे ती रद्द करता येत नाही.